डेटा मॉडेलमधल्या साठवलेल्या डायग्रामचा पसारा कसा आवरता?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

एका मच्छीमार सोसायटीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर माझ्याकडे देखभालीला आलंय. रत्नागिरीच्या आसपासची आहे, नाव सांगत नाही. सभासद, नौका, परवाने, डिझेल, बर्फ, लिलाव, व्यापाऱ्यांची उधारी, खलाशांची उचल, सगळं एकाच डेटाबेसात. डेटाबेस मायएसक्यूएलचा आहे, त्याचं मॉडेल (टेबलांचा आणि त्यांच्यातल्या नात्यांचा आराखडा) वर्कबेंच या त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवलंय. टेबलं दीडशेच्या घरात.

टेबलांचं काही वाटत नाही, ती समजतील. त्रास आहे तो मॉडेलच्या फाइलमध्ये आधीच्या मंडळींनी साठवून ठेवलेल्या डायग्रामचा, म्हणजे निवडक टेबलं चौकोनांत आणि त्यांची नाती रेघांनी दाखवणाऱ्या चित्रांचा. नावं वाचा: 'डायग्राम १', 'नवीन', 'नवीन २', 'साहेबांना दाखवायला', 'लिलाव जुना', 'लिलाव जुना वापरू नये', 'टेस्ट'. नौका हे एकच टेबल निम्म्या डायग्राममध्ये आहे आणि दर ठिकाणी वेगळ्याच कोपऱ्यात. कुठली डायग्राम कुणी, कशासाठी काढली होती, सांगणारं आता कुणी नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. लिलाव नाही, सोसायटीतून फोनही कमी येतात. तेवढ्यात हे आवरून घ्यायचंय. तुम्ही अशा साठवलेल्या डायग्राम किती ठेवता, नावं कशी देता, आणि काढून कधी टाकता?

(मी डायग्रामबद्दल बोलतोय. क्वेरी लिहून केलेल्या डेटाबेसातल्या व्ह्यूबद्दल नाही. मागच्या धाग्यात त्यावरच दोन पानं गेली होती.)

---

तिरफळ

आवराआवर सुरू करायच्या आधी एक गोष्ट. वर्कबेंचमध्ये टेबलावर उजवी टिचकी मारली की 'रिमूव्ह फिगर' आणि 'डिलीट' असे दोन वेगळे पर्याय दिसतात. पहिल्याने टेबल फक्त त्या डायग्राममधून जातं. दुसऱ्याने मॉडेलमधूनच जातं, म्हणजे बाकीच्या सगळ्या डायग्राममधूनही. कीबोर्डवरची डिलीटची कळ दाबल्यावर काय व्हावं ते प्रेफरन्सेसमध्ये ठरवता येतं: दर वेळी विचारावं, टेबल कॅटलॉगमध्ये (मॉडेलमधल्या सगळ्या टेबलांच्या यादीत) राहू द्यावं, की तेही काढावं. तिथे आधी 'विचारावं' करा आणि मगच पुढचं काम.

मॉडेलमधून टेबल गेलं म्हणून चालू डेटाबेसातून लगेच जात नाही, हे खरं. पण पुढे कुणी मॉडेलवरून सिंक्रोनाइझ (मॉडेल आणि डेटाबेस एकमेकांशी जुळवणं) चालवलं आणि तयार झालेली स्क्रिप्ट न वाचता पुढे-पुढे करत गेलं, की तिथेही जाऊ शकतं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी तर आणखी जपावं. तिथल्या मॅनेजमेंट स्टुडिओतली डायग्राम थेट खऱ्या डेटाबेसावर बसलेली असते. 'रिमूव्ह फ्रॉम डायग्राम' आणि 'डिलीट टेबल्स फ्रॉम डेटाबेस' एकाच मेनूत. दुसरं निवडून डायग्राम सेव्ह केली की टेबल खरोखरच गेलं, आतल्या नोंदींसकट.

---

गजालीकार

रे खाडीपलीकडे, डायग्राम काढूक कोण नको म्हणता? पण काढलेली परत उघडून बघतलो कोण? आमच्याकडे पण तसाच. मीटिंग असली की एक नवी डायग्राम. मीटिंग सरली, चाय झाली, भजी झाली, डायग्राम थंयच. माझा मत विचारशात तर सगळी काढून टाक. लागली तर परत काढूची. टेबला खंय पळान जातत?

---

मुचकुंदी

गजालीकारांची गजाल ऐकायला बरी, पण 'लागली तर परत काढू' हे सोळा टेबलांच्या डेटाबेसाला चालतं. दीडशे टेबलांत नेमकी कुठली बारा निवडायची हे ठरवायलाच अर्धा दिवस जातो. डायग्राममध्ये साठवलेलं असतं ते तेच, ती निवड. चौकोन आणि रेघा काय, सॉफ्टवेअर पुन्हा काढून देईल.

बहुतेक लोक डायग्राम विभागवार करतात: सभासद विभाग, लिलाव विभाग, हिशेब विभाग. मेनूत जसे विभाग तशा डायग्राम. दिसायला नीटनेटकं, कामाला कुचकामी. कारण अडचण कधी एका विभागात बसत नाही. डिझेलचा परतावा अडला की तुम्हाला नौका लागते, तिचा परवाना लागतो, मालक लागतो, त्याचं बँक खातं लागतं, पंपावरची डिझेलची पावती लागते. ही टेबलं चार विभागांत विखुरलेली. चार डायग्राम उघडून खालीवर करत बसायचं, आणि शेवटी वहीत पेन्सिलीने पाचवी काढायची.

म्हणून मी डायग्राम काढते ती प्रश्नासाठी, आणि नावही प्रश्नाचंच देते. 'डिझेल परतावा का अडला', 'लिलावाचे पैसे मालकाला कसे पोचतात', 'खलाशाची उचल कुठून वळती होते'. नाव वाचूनच कळतं की मला ही हवी आहे की नको. एखाद्या डायग्रामला असं नाव सुचतच नसेल, तर ती काढून टाकायला हरकत नाही. तुमच्या 'नवीन २' ला काय नाव द्याल?

विभागवार फक्त एकच संच ठेवावा, तोही नव्याने रुजू होणाऱ्या माणसासाठी. तो पहिल्या आठवड्यात बघतो, नंतर त्याचे त्याला प्रश्न पडायला लागतात.

---

शून्य_की

मी वेगळ्या गावचा. साठवलेल्या डायग्राम हा प्रकारच मला पटत नाही. वर्कबेंचची मॉडेल फाइल म्हणजे आतून एक झिप असते, त्यात एक्सएमएल. गिटला (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) ती नुसती बायनरी दिसते, आत काय बदललं ते कळत नाही. दोघांनी एकाच आठवड्यात दोन वेगळ्या डायग्राम हलवल्या की एकाचं काम जातं, कारण दोन्ही एकत्र करण्याची सोयच नाही.

त्यापेक्षा मजकुरात लिहा. मजकुरावरून आकृती काढून देणाऱ्या भाषा आहेत: डीबीएमएल आहे, मरमेड आहे. गिटहबवर तर २०२२ पासून मार्कडाउनमध्ये मरमेडची आकृती थेट दिसते. प्रश्नागणिक एक छोटी फाइल, त्यात त्या बारा टेबलांची नावं आणि नाती. बदल झाला तर कुठली ओळ बदलली, कुणी बदलली, केव्हा, सगळं दिसतं. आणि नाव देण्यासाठी धागा काढावा लागत नाही, फाइलचं नाव तेच डायग्रामचं नाव.

---

मुचकुंदी

@शून्य_की, फाइल एकत्र करण्याबद्दल सहमत. पण मरमेडमध्ये टेबल कुठे बसेल ते तुमच्या हातात नसतं, मांडणी ते स्वतः करतं. एक टेबल वाढवलं की सगळं चित्र उलटंपालटं. माणूस डायग्राम वाचतो ती जागेवरून. 'नौका डावीकडे वर, लिलाव मधोमध, पैसे उजवीकडे खाली' हे एकदा डोळ्यांत बसलं की नावंसुद्धा वाचावी लागत नाहीत. गावातल्या माणसाला घर नंबर विचारला तर सांगता येत नाही, पण पिंपळाच्या पारावरून डावीकडे वळा हे झोपेतही सांगतो, तसं.

त्यासाठी माझा एक हट्ट आहे. कुठल्याही डायग्राममध्ये असो, एक टेबल नेहमी त्याच बाजूला. ज्या टेबलांत नोंदी क्वचित बदलतात ती डावीकडे: सभासद, नौका, माशांच्या जाती, बंदरं. रोज भरणारी मधे: फेरी, लिलाव, डिझेलची पावती. पैशाची उजवीकडे. धागाकर्त्यांची नौका प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोपऱ्यात आहे म्हणाले ना, मला विचाराल तर खरा पसारा तिथे आहे. डायग्राम चाळीस आहेत की चार, ते नंतरचं.

---

शून्य_की

जागेचा मुद्दा मान्य. आमच्याकडे मग एकच मोठी मॉडेल फाइल एका माणसाच्या ताब्यात असते, बाकीचे वाचतात आणि मजकुरात बदल सुचवतात. कटकट आहे, पण भांडणं नाहीत.

ओरॅकलचं डेटा मॉडेलर वापरून बघितलंय का कुणी? फुकट आहे, आणि ते डिझाइन एका फाइलीत न कोंबता फोल्डरमध्ये सुट्या एक्सएमएल फाइली करून ठेवतं. गिटला ते बरं पडतं. त्यातल्या सबव्ह्यू म्हणजे मुचकुंदीताई म्हणतायत त्याच निवडी. एक टेबल निवडून 'सिलेक्ट नेबर्स' म्हटलं की त्याला जोडलेली टेबलं निवडली जातात, किती पायऱ्या दूरपर्यंत तेही सांगता येतं. त्या निवडीवरून सबव्ह्यू बनवायची. अर्धा दिवस जातो म्हणालात तो बराचसा वाचेल.

---

मुचकुंदी

वापरलंय. सुरुवात करायला चांगलं. पण शेजारी दोन पायऱ्यांपर्यंत घेतले की 'व्यक्ती' सारखं टेबल मधे येतं आणि अख्खा डेटाबेस मागोमाग येतो. शेवटी हाताने वेचावंच लागतं.

---

खाडीपलीकडे

व्यक्तीचंच विचारणार होतो! माझ्याकडे मालक, तांडेल, खलाशी, व्यापारी, जामीनदार, सगळे एकाच व्यक्ती टेबलात. (एकच माणूस यांतलं बरंच काही असतो, त्यामुळे रचना बरोबरच आहे.) पण ज्या डायग्राममध्ये ते टाकावं तिथे चारी बाजूंनी रेघा सुटतात आणि काही वाचता येत नाही. न टाकावं तर लिलाव आणि उचल यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही असं वाटतं. काय करता?

प्रश्नावरून नाव देण्याची पद्धत मात्र आज लगेच करून बघितली. 'लिलाव जुना वापरू नये' ला खरंच काही नाव सुचलं नाही. उडवली.

---

तिरफळ

अशा टेबलासाठी वर्कबेंचमध्ये रेघेच्या गुणधर्मात ड्रॉ-स्प्लिट आहे. ते चालू केलं की रेघ पूर्ण न काढता दोन्ही टोकांना तेवढी खूण राहते. व्यक्तीच्या रेघांना तेवढंच करा, बाकीच्या पूर्ण राहू द्या. नातं आहे हे दिसतं, गुंता होत नाही.

टेबल वगळण्याबद्दल जे म्हणालात ते मात्र गंभीर आहे. डायग्राममध्ये रेघ तेव्हाच दिसते जेव्हा दोन्ही टोकांची टेबलं तिथे असतात. एक टोक नसेल तर वाचणाऱ्याला वाटतं की नातंच नाही. आणि त्या समजुतीवर कोणी कोड लिहिला की झालं. मी प्रत्येक डायग्रामला एक वेस ठेवतो: आतली टेबलं नेहमीच्या रंगात, सगळ्या कॉलमांसकट. वेशीवरची टेबलं राखाडी रंगात, मिटवून, फक्त नाव दिसेल अशी. वेशीपलीकडे अजून काही आहे एवढं सांगण्यापुरती. कोपऱ्यात एक नोट चिकटवायची, 'राखाडी टेबलं इथे अपुरी आहेत'. बास.

---

सुरंगी

वाखू (वाचनखूण) साठवली. मी पॉवर बीआयवाली, आंब्याच्या बागायतदारांचे रिपोर्ट करते (देवगड). तिथेही हेच आहे: मॉडेल व्ह्यूच्या खाली टॅब असतात, 'ऑल टेबल्स' ही आपोआप असते, आणि अधिकच्या चिन्हाने आपली मांडणी करता येते. एक टेबल ओढून आणलं की 'अॅड रिलेटेड टेबल्स' मधून जोडलेली येतात. इथेही 'रिमूव्ह फ्रॉम डायग्राम' आणि 'डिलीट फ्रॉम मॉडेल' शेजारी-शेजारी, तेव्हा तिरफळांची सूचना आम्हालाही लागू.

माझा अनुभव थोडा वेगळा. प्रश्नावरून नावं दिली तरी हंगामात प्रश्न बदलतात. फेब्रुवारीत विचारणा असते मोहोर आणि फवारणीच्या खर्चाची, एप्रिलमध्ये वाशीला किती पेट्या गेल्या आणि पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब) किती आली याची, जूनमध्ये कॅनिंगच्या फॅक्टरीला गेलेल्या आंब्याची. २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून कुठली पेटी कुठल्या बागेतली हा एक नवाच प्रश्न आलाय, त्याची टेबलं आधी नव्हतीच. म्हणून मी टॅबच्या नावात आधी हंगामाचा टप्पा लिहिते: 'विक्री – पेटीपासून पट्टीपर्यंत'. तारीख लिहित नाही. तारीख लिहिली की पुढच्या वर्षी कोणी उघडायला धजत नाही, आणि तीच टॅब पुन्हा नव्याने काढतात.

---

गजालीकार

सुरंगीबाय, पट्टी किती इली ता काय डायग्राममधी दिसणा नाय, ता दलालाकच ठाऊक. :)

पण तारखेचा बरोबर असा. माझ्याकडे १७ मार्च नावाची डायग्राम असा. १७ मार्चाक काय झाल्लां ता देवाक म्हायत.

---

करवंदाची_जाळी

अवांतर वाटेल, पण छापून ठेवण्याबद्दल कोणी बोललं नाही. पावसात आमच्याकडे वीज गेली की दोन दोन दिवस येत नाही, लॅपटॉप किती वेळ पुरणार? कामाच्या तीन-चार डायग्राम मी ए३ वर छापून लॅमिनेट करून घेतल्यात. नुसता कागद कोकणातल्या दमटपणाला आठवडाभरात पोळीसारखा मऊ होतो. वर्कबेंचमधून एका पानाची पीडीएफ निघते, ती शहरातल्या झेरॉक्सवाल्याकडे द्यायची. ए३ वर अक्षर वाचता येत नसेल तर त्या डायग्राममध्ये टेबलं जास्त झालीत. एवढी सोपी फूटपट्टी दुसरी नाही.

---

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. आता ज्या राहतील त्या शिळ्या होऊ नयेत म्हणून काय करता? मी डेटाबेसाशी सिंक्रोनाइझ करून बघितलं. नवी टेबलं कॅटलॉगमध्ये आली, पण कुठल्याच डायग्राममध्ये नाहीत.

---

तिरफळ

तसंच होतं. मॉडेलला टेबल कळलं म्हणून डायग्रामला कळत नाही, ओढून आपणच ठेवायचं. कॉलम बदलला तर मात्र जिथे जिथे ते टेबल आहे तिथे आपोआप बदललेला दिसतो. म्हणजे शिळेपणा येतो तो नव्या टेबलांचा आणि नव्या नात्यांचा, आहे त्या टेबलांचा नाही.

डायग्राम उघडलेली असताना कॅटलॉगच्या यादीत, त्या डायग्राममध्ये असलेल्या टेबलापुढे ठिपका दिसतो. पण एका वेळी एकाच डायग्रामपुरता. कुठल्याच डायग्राममध्ये नसलेली टेबलं हवी असतील तर वर्कबेंचमधली स्क्रिप्टिंग शेल उघडा. पायथनमधून मॉडेलमधल्या सगळ्या डायग्राम, प्रत्येकीतल्या आकृत्या, आणि आकृतीमागचं टेबल असं फिरता येतं. ती नावं एका संचात गोळा करायची आणि मॉडेलच्या एकूण टेबलांतून वजा करायची. दहा-बारा ओळी होतील. जी उरली ती अनाथ. त्यांतली काही खरोखर कुणाच्या प्रश्नात न येणारी असतात, लॉगची वगैरे. बाकीच्यांना घर शोधायचं.

उलटंही बघा: एकच टेबल किती डायग्राममध्ये आहे. व्यक्ती, नौका सोडून एखादं टेबल दहा ठिकाणी दिसलं तर बहुधा दोन-तीन डायग्राम एकाच प्रश्नाच्या आहेत.

आणि हे सगळं करायच्या आधी मूळ फाइलची एक प्रत नाव बदलून बाजूला. वर्कबेंच सेव्ह करताना आधीची प्रत ठेवतं, पण एकच. दोनदा सेव्ह केलं की तीही गेली.

---

शून्य_की

एसक्यूएल सर्व्हरवर असता तर हे सगळं वेगळं झालं असतं. तिथे डायग्राम फाइलीत नसतेच, त्याच डेटाबेसातल्या सिसडायग्राम्स नावाच्या टेबलात एक ओळ असते. फायदा म्हणजे बॅकअपबरोबर डायग्रामही जाते. तोटा म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर केलं आणि तिथे डेटाबेसाला वैध मालक नसला, तर डायग्राम उघडायलाच नकार. आधी मालकी बदलून द्यावी लागते. आणि डेटाबेस-मालकाचा हक्क नसलेल्याला फक्त स्वतःच्याच डायग्राम दिसतात, तेव्हा 'माझ्याकडे दिसत नाही' म्हणणारा खोटं बोलत नसतो.

२०१९ मध्ये मॅनेजमेंट स्टुडिओच्या १८.० आवृत्तीत डायग्रामची सोयच काढून टाकली होती. लोकांनी ओरड केल्यावर १८.१ मध्ये परत आणली. डायग्राममध्ये साठवलेली निवड दुसरीकडे कुठेतरी मजकुरातही लिहून ठेवा, हा माझा हट्ट त्यासाठी. प्रत्येक प्रश्नाखाली टेबलांची नावं, एवढीच फाइल. मांडणी गेली तर पुन्हा करता येईल.

---

मुचकुंदी

इथे मात्र पूर्ण सहमत. +१

---

खाडीपलीकडे

स्क्रिप्ट चालवली. अनाथ टेबलांत जाळ्यांच्या अनुदानाची टेबलं निघाली, कुठल्याच डायग्राममध्ये नव्हती, आणि सोसायटीचे हिशेबनीस सगळ्यात जास्त विचारतात ते त्याबद्दलच. 'जाळ्याचं अनुदान कुणाला मिळालं, कुणाचं राहिलं' नावाची नवी डायग्राम काढली. बाकी अकरा ठेवल्यात. टेबलांच्या नावांची मजकुराची फाइल शेजारी ठेवली.

'साहेबांना दाखवायला' पण ठेवली. तिला प्रश्न नाही, मुचकुंदीताई रागावतील. पण दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी अध्यक्ष येऊन 'सगळं एकदा दाखव' म्हणतात, आणि त्यांना दाखवायला अख्खा रंगीत पसाराच लागतो. नाव तेवढं बदलून 'सर्वसाधारण सभा' केलं.

---

मुचकुंदी

रागावत नाही. 'सगळं एकदा दाखव' हाही प्रश्नच. फक्त त्यावर काम करू नका, तिथली व्यक्तीची एक रेघ हलवलीत की दिवस गेला.

---

करवंदाची_जाळी

जाता जाता एक विचारते. आमच्या आंबा सोसायटीचं अजून मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्ये आहे. तिथे रिलेशनशिप्सची एकच खिडकी. अशा वेगवेगळ्या डायग्राम साठवता येतात का?

---

तिरफळ

खिडकी एकच, मांडणीही एकच. पण वाट आहे. नको ती टेबलं 'हाइड टेबल' करा, उरलेली मांडा, आणि 'रिलेशनशिप रिपोर्ट' म्हणा. जी मांडणी समोर आहे तिचा रिपोर्ट तयार होतो, तो प्रश्नाचं नाव देऊन सेव्ह करा. मग 'ऑल रिलेशनशिप्स' करून नाती परत आणा, दुसरी मांडणी, दुसरा रिपोर्ट. 'क्लिअर लेआउट' ला घाबरू नका, त्याने फक्त खिडकी रिकामी होते, नाती जात नाहीत. नातं जातं ते रेघ निवडून डिलीट केली तर.

रिपोर्ट म्हणजे त्या वेळचं चित्र, टेबल बदललं की तो आपोआप बदलत नाही. छापून लॅमिनेट करणार असाल तर त्याने काही बिघडत नाही.